कूलिंगचं सगळं काम करूनही ट्रक गरम होतोय? नवीन मेकॅनिक पोरांसाठी

आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड एक वर्षाचा, त्यात कूलिंग सिस्टिम पटकन उरकते. पण गॅरेजला लागल्यावर पोरं अडकतात ती एकाच तऱ्हेच्या गाडीवर, म्हणजे रेडिएटर करून आणलाय, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवीन, होज पाईप नवीन, कूलंट नवीन, आणि तरी काटा लालवर. मी पुणे-सातारा हायवेवर हेवी गाड्यांचं काम करतो, खंबाटकी घाट जवळच आहे त्यामुळे असल्या गाड्या उन्हाळाभर येतात आणि बहुतेक वेळा दुसरीकडे काम होऊनच येतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

पाना हातात घ्यायच्या आधी ड्रायव्हरला विचारा, गरम नेमकी कधी होते? उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये होत असेल तर हवा कमी पडतेय, फॅन आणि रेडिएटरची जाळी बघा. लोड घेऊन चढाला होत असेल आणि सपाटीला काटा खाली येत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये, किंवा जाळी आतून चोक आहे, किंवा कुठूनतरी गॅस पाण्यात शिरतोय. आणि थंड गाडी चालू केल्यावर थोड्याच वेळात काटा एकदम उडी मारत असेल तर पाण्यात हवा धरलीय किंवा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) उघडतच नाहीये. दुसरा प्रश्न, आधी गरम व्हायची तशीच होतेय का कामानंतर वेगळ्या तऱ्हेने होतेय? वेगळी होत असेल तर आधी ज्याला हात लागलाय तेच तपासायचं. हे सोडून पोरं थेट हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) उडी मारतात ते मला अजिबात पटत नाही, मालकाचा खर्च होतो आणि गाडी उभी राहते ती वेगळीच.

कामानंतरच्या गाडीत सगळ्यात जास्त सापडते ती हवा. कूलंट घाईघाईत ओतलं, टाकी भरलेली दिसली, कॅप लावली, झालं, पण आत हेडच्या वरच्या भागात हवा अडकून बसलेली असते. थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं, ते गरम पाण्यात बुडालं तर वेळेवर फुगून वॉल्व्ह उघडतं, भोवती हवा असेल तर उशीर करतं. सेन्सरच्या टोकाला हवा असेल तर काटा आधी कमी दाखवतो मग एकदम वर जातो. त्यामुळे गाडीचं तोंड जरा चढावर घ्या, केबिनला हीटर असेल तर तो फुल गरमवर ठेवा, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून हळूहळू भरा, बुडबुडे न येता सलग धार आली की स्क्रू बंद. मग कॅप न लावता गाडी आयडलला चालू ठेवा, लेव्हल खाली जाईल तसं भरत राहा. वरचा होज गरम होईपर्यंत घाई करायची नाही. पाणी बोअरचं वापरू नका, क्षार धरतात, डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं.

आता थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून तो काढूनच टाकायचा ही आपल्याकडची जुनी सवय. पण बऱ्याच डिझेल इंजिनात थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला एक चकती असते, वॉल्व्ह उघडला की ती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, मग बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं. म्हणजे ज्याच्यासाठी काढला त्याच्या उलटंच झालं! शंका असेल तर भांड्यात दोऱ्याने लटकवून पाणी तापवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा. अंगावर ८२ असं कोरलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि अजून दहा-बारा डिग्री वाढल्यावर पूर्ण उघडला पाहिजे.

कॅप कोणीच बघत नाही. एक बारच्या आसपास प्रेशर धरलं तर साधं पाणीसुद्धा साधारण १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, कॅपचं रबर गेलं की हा सगळा फायदा गेला, आणि गाडी पाणी फेकते. खालचा होज नवीन टाकला असेल तर आतली स्प्रिंग परत बसवली का बघा, नाहीतर रेस वाढवल्यावर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो, एकाने रेस द्यायची एकाने होज बघायचा. आणि लीकेज थांबवायला ड्रायव्हर लोक रेडिएटरमध्ये हळद टाकतात, ती वाटेत घरी पोचवते हे खरं पण नंतर नळ्यांमध्ये बसते, तेव्हा तेही विचारून घ्या.

फॅनचं थोडक्यात. व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावर आतल्या घट्ट तेलाने पकड घेणारा) असेल तर गरम गाडी बंद करून हाताने फिरवा, मोकळा गरगर फिरला तर तो गेला. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा, उसाचं पाचट, धूळ, ऑइल यांचा थर तिथेच जमतो आणि समोरून जाळी स्वच्छ दिसते.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो, घ्याच. आधी काटा खरं बोलतोय का ते बघा, सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली तरी काटा लालवर जातो. चकचकीत धातूवर रीडिंग चुकीचं येतं, म्हणून काळी टेप चिकटवून तिच्यावर मारा. मग जाळीवर रांगेने मारत जा, मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या चोक आहेत. आणि गरम कॅप उघडायची नाही म्हणजे नाही, उघडण्याआधी वरचा होज हाताने धरवला पाहिजे, वाफेने तोंड भाजलेली माणसं मी बघितलीत. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही, हेडला क्रॅक जातो.

आता बुडबुड्यांचं, कारण इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. टाकीत सतत बुडबुडे आले की हेड गॅस्केट गेलं असं सरळ ठरवलं जातं. पण ट्रकला एअर ब्रेकचा कंप्रेसर असतो आणि तो बहुतेक गाड्यांत इंजिनच्याच पाण्याने थंड होतो, त्याच्या हेडचं गॅस्केट गेलं तर दाबाची हवा थेट कूलंटमध्ये. आमच्याकडे एक दहा टायर आली होती, रेडिएटर, वॉटर बॉडी सगळं झालेलं, थर्मोस्टॅट काढून टाकलेला, आणि आता हेड उतरवायचं ठरलं होतं. आम्ही आधी नवीन थर्मोस्टॅट बसवला, एअर काढली, सपाटीला गाडी बरी झाली पण घाटात परत गरम. मग चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावून टाकीकडे बघत बसलो. हवा भरत होती तोवर बुडबुडे जोरात, आठ बारच्या आसपास गव्हर्नर (दाब पुरेसा झाला की हवा भरणं थांबवणारा वॉल्व्ह) सुटला आणि कंप्रेसर रिकामा फिरायला लागला की बुडबुडे जवळजवळ बंद. ब्रेक दाबून दाबून हवा उतरवली, परत चालू! खात्रीसाठी कंप्रेसरचा डिलिव्हरी पाईप मोकळा करून गाडी चालू केली, बुडबुडे नाहीत. कंप्रेसरचं हेड खोललं तर गॅस्केट पाण्याच्या वाटेवर जळालेलं. ते काम केलं, लोडसकट खंबाटकी चढवली, काटा जागेवर.

डिलिव्हरी पाईप मोकळा करूनही बुडबुडे येत राहिले तर मग इंजिनचं हेड खोला, बीएस-६ गाडीत त्याआधी ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने थंड करणारा) तपासा. आणि हेड खोललंच तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू नका, हेडची सपाटी पट्टीने बघा, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ब्लॉकच्या वर किती आलेत ते डायल गेजने प्रत्येक सिलिंडरला मोजा आणि त्या इंजिनच्या मॅन्युअलशी ताडून मगच नवीन गॅस्केट टाका.