कोकणात बाहेर जेवायचं, पण बिल बघून पोटात गोळा यायला नको: हे करून बघा

मे महिन्यात माझी मामेबहीण पुण्याहून नवरा आणि दोन पोरांना घेऊन आली होती. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आम्ही सगळे जेवायला गेलो, मोठी माणसं पाच आणि पोरं दोन, आणि बिल आलं ४,८७० रुपये. त्यात नुसती दोन पापलेटं १,८०० ची होती. मेनूकार्डावर पापलेटापुढे रेट नव्हता, 'साइजप्रमाणे' असं लिहिलेलं, आम्ही काही विचारलं नाही आणि पोऱ्यानेही काही सांगितलं नाही. बहीण काही बोलली नाही पण पर्स उघडताना तिचा चेहरा मी बघितला. मी रत्नागिरीत राहते, जन्म इथला, मला माहीत असायला हवं होतं, आणि मीच गप्प बसले होते. तेव्हापासून मी काय काय करते ते खाली सांगते, इथे राहणाऱ्यांना आणि इथे येणाऱ्यांना दोघांनाही चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. सगळी दरवाढ म्हणजे लूट नाही. घरात आपण १४.२ किलोचा सिलेंडर वापरतो, खानावळीला कायद्याने कमर्शियल घ्यायला लागतो, बहुधा १९ किलोचा, आणि तो किलोमागे महाग पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली तेव्हा तळणीचं तेल भडकलं, मग मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची थोडी कमी केली. नारळाचं तर विचारूच नका, ज्या घरात रोज पंचवीस माणसांची सोलकढी आणि कालवण होतं तिथे रोज किती नारळ फुटतात त्याचा हिशोब करा. शिवाय बोटीचं डिझेल, बर्फ, आणि मासाच कमी मिळतोय. त्यामुळे घरात चूल मांडून जेवण करणारी काकू थाळीमागे तीस रुपये वाढवते तेव्हा तिच्याशी घासाघीस करू नका. पैसे वाचवायच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिलं काम म्हणजे निघायच्या आधी फोन. घरगुती खानावळीत माणसं मोजून जेवण करतात, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या आत फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: आज ताजं काय आलंय, थाळीत काय काय आहे आणि थाळी केवढ्याला. थाळीत काय आहे हे नीट विचारा, म्हणजे भात परत मिळतो का, कालवणाची दुसरी वाटी आणि सोलकढीचा दुसरा ग्लास थाळीत धरलाय की वेगळा लागतो, वडे किती. बिल इथेच फुगतं, कारण पोरं सोलकढी तीन-तीन ग्लास पितात. आणि लहान पोरांना वेगळी थाळी नको, जादा भात आणि एक तुकडी द्या म्हणून आधीच सांगितलं तर बहुतेक जणी हो म्हणतात, ऐन गर्दीत जाऊन सांगितलं तर नाही म्हणतील आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता मासा, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण खरा फरक इथे पडतो. सुरमई थाळी आणि बांगडा थाळी शेजारी शेजारी ठेवून बघा, भात तोच, भाकरी किंवा चपाती तीच, सोलकढी तीच, पुष्कळ ठिकाणी कालवणसुद्धा तेच. फरक फक्त तळलेल्या तुकडीचा, आणि त्या एका तुकडीसाठी थाळी दीडपट-दुप्पट होते. मालवणला मी ज्या काकूंकडे जाते त्यांनी एकदा मी सुरमई म्हटल्यावर मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. परातीत बांगडे होते, त्यांनी एकाचा कल्ला बोटाने उचलून दाखवला, आत लालभडक, डोळा चकचकीत आणि फुगीर, अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहत नव्हता. म्हणाल्या, "बांगडो घे, सकाळचो आसा. सुरमय कालची." त्या दिवशी तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण खाल्लं, त्याला तोड नाही, आणि पैसेही कमी लागले. तेव्हापासून मी मासा ठरवून जातच नाही, तिथे जाऊन विचारते. बांगडा, तारली, मांदेली, ओले बोंबील, मुडदुशे, तिसऱ्या, यातलं काहीतरी एक त्या दिवशी चांगलं असतंच. पापलेट, सुरमई, सरंगा यांची नावं बाहेरच्या माणसाला माहीत असतात म्हणून सगळे तेच मागतात आणि सुट्टीत त्यांचाच भाव आभाळाला भिडतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं तेसुद्धा तो टिकावा म्हणून, तेव्हा त्यालाही थोडी विश्रांती मिळू दे.

तरीही पापलेट खायचंच असेल, खावंसं वाटतंच, तर 'साइजप्रमाणे' लिहिलेल्या कुठल्याही माशाला हो म्हणायच्या आधी तो कच्चा बघायला मागा. प्लेटमध्ये आणून दाखवतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग विचारा हा केवढ्याला, तळून टेबलावर येईपर्यंत किती, मसाल्याचे रव्याचे वेगळे लावता का. आकडा ऐकल्यावरच ठरवा आणि शक्य असेल तर तो आकडा पोऱ्याला ऑर्डरच्या कागदावर लिहायला सांगा. खेकडे, मोठी कोळंबी, शेवंड यांनाही हेच. आम्ही त्या दिवशी एवढं केलं असतं तर एकच पापलेट सगळ्यात वाटून घेतलं असतं.

बिल आलं की ते वाचायचं, नुसता शेवटचा आकडा बघून पैसे द्यायचे नाहीत. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के असतो, बिलावर तो अडीच अडीच असा दोन ओळीत दिसतो. जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर आहे अशा मोठ्या रिसॉर्टच्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के, म्हणून गणपतीपुळे, तारकर्ली, अलिबागकडे अशा रिसॉर्टमध्ये उतरलात तरी जेवायला बाहेर गावात गेलात तर नुसत्या टॅक्समध्येच १३ टक्के वाचतात. आता महत्त्वाचं. बिलावर जीएसटी लावलाय पण हॉटेलचा १५ आकडी-अक्षरी जीएसटी नंबरच छापलेला नाही, तर विचारा. आपल्या राज्यातला नंबर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की धंदा कोणाच्या नावावर आहे आणि कंपोझिशनमध्ये आहे का ते लगेच दिसतं. छोटी हॉटेलं पुष्कळदा कंपोझिशन स्कीममध्ये असतात, म्हणजे ते स्वतःच्या खिशातून ५ टक्के भरतात आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घ्यायची त्यांना परवानगीच नाही. त्यांच्या बिलावर 'बिल ऑफ सप्लाय' लिहिलेलं असायला हवं. अशा ठिकाणी जीएसटीची ओळ दिसली तर ती काढायला सांगा, शांतपणे सांगा, पुष्कळदा गल्ल्यावरच्या माणसाला खरंच माहीत नसतं.

सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही, हे अजूनही खूप लोकांना माहीत नाही. तो सरकारला जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये नियम काढला की हॉटेलाने तो आपणहून बिलात टाकायचा नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने तो नियम कायम ठेवला. खानावळीत हा प्रकार नसतोच, पण रिसॉर्टमध्ये दिसतो, कधी कधी दुसऱ्याच नावाने. काढा म्हणून सांगा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र जेवण आणून वाढणाऱ्या पोराला वेगळे पैसे हातात नक्की द्या, तो बिचारा सीझनमध्ये दिवसभर उभा असतो.

पाण्याच्या बाटलीवरून भांडू नका, हे मी मुद्दाम सांगते कारण लोक एमआरपी दाखवून हुज्जत घालतात. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त लावता येतं, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये तसं स्पष्ट केलंय. साधं पाणी मागा किंवा आपली बाटली घेऊन जा, संपला विषय.

आता घरबसल्या मागवायचं. रत्नागिरीसारख्या शहरात ॲपवरून येतं, गावात अजून नाही. मी गेल्या महिन्यात दोन चिकन थाळ्या मागवायला घेतल्या आणि पैसे द्यायच्या आधी कागदावर लिहून काढलं. ॲपवर थाळी २६५, म्हणजे दोनचे ५३०. पॅकिंग ३०. त्यावर ५ टक्के म्हणजे २८. डिलिव्हरी ४५, प्लॅटफॉर्म फी १४, आणि या दोन्हीवर १८ टक्के म्हणजे आणखी ११. झाले ६५८. मग त्याच हॉटेलात फोन लावला, तिथे तीच थाळी २२०, दोनचे ४४०, डब्याचे २०, टॅक्स २३, एकूण ४८३. स्कूटरवर दहा मिनिटं जायचं म्हणून १७५ रुपये वाचले. थाळीच ४५ रुपयांनी महाग का, तर ॲपवाले हॉटेलकडून कमिशन घेतात, मग हॉटेल ॲपवरचे रेट चढवतं, त्यामुळे ऑफर दिसली तरी ती चढवलेल्या रेटवरची असते. प्लॅटफॉर्म फी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा २ रुपये होती, २०२५ पर्यंत दोन्ही मोठ्या ॲपवर दहाच्या वर गेली. डिलिव्हरीवरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून ॲपवर लागला.

म्हणून मी काय करते, तर ॲपवर नुसतं बघते कुठे काय मिळतं आणि हॉटेलचा नंबर शोधून थेट फोन करते. जवळपासची पुष्कळ हॉटेलं स्वतःचा पोऱ्या पाठवतात, बिल्डिंगमधल्या तीन-चार घरांनी मिळून मागवलं तर आनंदाने पाठवतात. आजारपण असेल, घरात म्हातारं माणूस एकटं असेल, पाऊस धो धो असेल तेव्हा ॲप वापरा, त्यासाठीच ते आहे, आणि तेव्हा आणणाऱ्याला पाणी विचारा. पण मग शेवटच्या पानावर प्रत्येक ओळ उघडून बघा, कधी कधी डोनेशन नाहीतर टिप आधीच टिक केलेली असते.

वेळ हाताशी असेल तर आणखी एक मार्ग आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. दापोलीजवळ हर्णै बंदरावर दिवस कलल्यावर वाळूतच लिलाव चालतो, बोटीतून टोपल्या उतरतात, बायका वाटे मांडून बसतात. तिथून मासे घ्या, साफ करून कापून घ्या, आणि जिथे उतरलाय तिथल्या वहिनींना आधीच विचारून ठेवा की आम्ही मासे आणले तर करून द्याल का आणि करणावळ किती घ्याल. नाही म्हणणाऱ्याही असतात, म्हणून आधी विचारायचं. दोन-तीन कुटुंबं असाल तर हे खूप स्वस्त पडतं आणि पोरांना मासा कुठून येतो ते दिसतं.

जून आणि जुलैमध्ये आलात तर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तेव्हा 'ताजी सुरमई' म्हणून दुप्पट पैसे मागितले तर ती बहुधा बर्फातली असते, देऊ नका. त्यापेक्षा सोड्याची खिचडी, सुकटीचं कालवण, टाकळ्याची भाजी, अळूचं फदफदं, हे मागा, पावसाळ्यात कोकणातलं घर हेच जेवतं आणि ते स्वस्तही असतं. चढणीचे मासे मात्र कोणी दिले तरी नको म्हणा, ते अंडी घालायला वर चाललेले असतात.

प्रवासातलं जेवण शक्यतो घरचंच, घावने आणि सुकी चटणी दिवसभर टिकते. महामार्गावर थांबलातच तर जिथे ट्रकवाले आणि एसटीचे ड्रायव्हर स्वतःच्या पैशाने जेवतात तिथे थांबा.

आणि रोख ठेवा. देवबागला आमचं जेवण झालं, बिल ठरल्याप्रमाणे आलं, आणि मोबाइलला रेंज नाही, पैसे जाईनात, काकू म्हणाल्या घरी गेल्यावर पाठव. मी रात्री पाठवले, पण सगळे पाठवतात असं नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून गाडीच्या कप्प्यात मी दोन हजार रुपये सुट्ट्यात ठेवते.