देणाऱ्या मुलांची तयारी, मार्चपासून संक्रांतीपर्यंत

आपल्या इंदूरच्या शाळांचं नवं सत्र एप्रिलात सुरू होतं, म्हणून ही तयारी मार्चअखेर, परीक्षा संपल्या संपल्या हाती घ्यावी. तेव्हाच दप्तरं रिकामी होतात, कपाटं उपसली जातात, रद्दीवाल्याला हाक मारली जाते, आणि घरातलं काय बाहेर जाणार हे एका दुपारी ठरून जातं. बहुतेक घरांत ते आई ठरवते. मुलांनी शाळेला आणि आजूबाजूच्या वस्तीला सढळ हाताने द्यायला शिकावं असं मनापासून वाटत असेल, तर ती दुपार मुलांच्या ताब्यात द्यायला हवी. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं आहे. मदतनिधीची सूचना गेली की मुलं आईबाबांनी दिलेलं बंद पाकीट टेबलावर आणून ठेवतात. आत किती आहे, कशासाठी आहे, त्यांना ठाऊक नसतं. असं पाकीट वर्षानुवर्षं आणूनही मूल द्यायला शिकत नाही, फक्त पोचवायला शिकतं.

म्हणून सगळ्यात आधी मुलाचं स्वतःचं काय आहे ते ठरवून टाका. ज्या शहरात आपण राहतो तिथे हा विचार नवा नाही. होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याच्या तिजोरीचा, हिशेब वेगळा आणि खासगीचा, म्हणजे घराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, वेगळा असे. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर दिली, आणि त्यांच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ इथली मंदिरं, कितीतरी ठिकाणचे घाट आणि धर्मशाळा अहिल्याबाईंनी उभ्या केल्या, आणि असल्या धर्मकार्यांचा खर्च त्यांनी खासगीतून चालवला. रयतेचा महसूल रयतेच्या कारभारासाठी होता. राजवाड्यासमोरून मुलांना नेताना पुतळा दाखवतोच आपण, त्या वेळी ही गोष्टही सांगावी. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती सहज कळते: त्यांनी दुसऱ्याचं उचलून दिलं नाही, स्वतःच्या वाटणीचं दिलं.

मुलाची खासगी म्हणजे राखीची, भाऊबिजेची ओवाळणी, वाढदिवसाला आजी-आजोबांनी हातात ठेवलेली नोट, मामाने निघताना खिशात कोंबलेले पैसे. हे सगळं आपण ‘दे, मी ठेवते सांभाळून’ म्हणत काढून घेतो आणि ते घरखर्चात मिसळून जातं. या वर्षी तसं करू नका. मोठी रक्कम बँकेत टाकायची तर जरूर टाका, पण मुलाला सांगून टाका, आणि उरलेली त्याच्या गुल्लकेत राहू द्या. सोबत एक लहानशी वही: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. दिलेले पैसे खर्चाच्या बाजूला मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचे, कुणाला आणि कशासाठी तेही. शिल्लक कमी झालेली त्याला दिसली पाहिजे. देताना आपलं काहीतरी कमी होतं, हे लपवून शिकवता येत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू खेळण्यांची आणि कपड्यांची. मूल शाळेत गेलेलं असताना त्याची खेळणी पिशवीत भरून कामवाल्या मावशींना देऊन टाकायची, ही कित्येक घरांतली रीत आहे. आईचा हेतू चांगला असतो, घर मोकळं होतं. पण संध्याकाळी मूल आपली गाडी शोधतं आणि त्याला कळतं की ती ‘देऊन टाकली’. त्याच्या लेखी ती गेली, कुणीतरी नेली. मग पुढच्या वेळी देण्याचा विषय निघाला की ते कपाटाला पाठ लावून उभं राहतं, आणि आपण त्याला स्वार्थी म्हणतो. एक वेळ कपाट भरलेलं राहिलं तरी चालेल, मुलाच्या वस्तूला त्याला न विचारता हात लावू नका. नाही म्हणालं तर नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारा. आजीने विचारलं तर फारच बरं, ‘बाळा, ही सायकल तुला आता लहान होते ना रे? कुणाला होईल?’ असं. मुलं नाव शोधायला लागतात, आणि नाव सापडलं की हात आपोआप सुटतो.

आता काय द्यायचं. हे घरी बसून ठरवू नये. जवळच्या सरकारी शाळेत आधी जाऊन या, शक्यतो मुलाला घेऊन, आणि मोठ्या मॅडमना सरळ विचारा की यंदा काय कमी पडतंय. आपल्या राज्यात सरकारी शाळेच्या पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, दुपारचं जेवणही मिळतं. तरी माणसं पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे घेऊन तिथे जातात, आणि शाळेला ते नाकारता येत नाहीत म्हणून कपाटावर चढतात. कमी असतात त्या वेगळ्याच गोष्टी: कंपासपेट्या, रंग, पावसाळ्यात दप्तर कोरडं राहील असं काही, दोरीच्या उड्या, चेंडू, आणि गोष्टींची पुस्तकं. गोष्टींची पुस्तकं तर नेहमीच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शाळांत व्यवस्थापन समिती नेमली जाते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेला खरंच काय लागतं हे त्या पालकांना चांगलं माहीत असतं. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळा आपली गरज नोंदवतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून ती यादी वाचायला लावा, त्यातली एखादी गोष्ट आपल्या सोसायटीच्या मुलांना मिळून जमेल का ते त्यालाच काढू द्या.

मग निवड. इथल्या मुलांना कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर लावणाऱ्या शहरात ती वाढली आहेत, ओला, सुका, प्लास्टिक, सगळं कुठल्या कप्प्यात जातं ते त्यांना आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. तीच नजर इथे वापरायला सांगा. चाक निखळलेली गाडी, बटणं गेलेला शर्ट, तुटक्या खडूंचा डबा ही दुरुस्त होत असतील तर आधी दुरुस्त करायची, नसतील तर कचरागाडी रोज दारात येतेच. शाळेच्या दारात ती जाऊ नयेत. कसोटी एकच ठेवा: ही वस्तू माझ्या वर्गातल्या जिवलग मित्राला वाढदिवसाला दिली तर मला लाज वाटेल का?

पुस्तकांच्या बाबतीत आवृत्ती बघितल्याशिवाय काही देऊ नका. एनसीईआरटीची नवी पुस्तकं 2023 मध्ये पहिली-दुसरीला आली, 2024 मध्ये तिसरी आणि सहावीला, 2025 मध्ये चौथी, पाचवी, सातवी, आठवीला. मोठ्या भावाची त्याआधीची पुस्तकं धाकट्यांना अभ्यासाला उपयोगी पडणार नाहीत. अकरावी-बारावीची पुस्तकं, विशेषतः गणित-विज्ञानाची, मागणारे पुष्कळ असतात, आणि खजुरी बाजारात जुनी पुस्तकं विकूनही येणाऱ्या पैशांत गोष्टींची नवी पुस्तकं घेता येतात. ती फेरी मुलाला घेऊनच करा. घासाघीस त्याला करू द्या.

वह्यांचं काम मात्र सवडीने, सुट्टीत करण्यासारखं आहे, आणि या सगळ्या यादीतलं ते माझं सर्वांत लाडकं काम आहे. वर्षअखेर प्रत्येक वहीत मागची पंधरा-वीस पानं कोरी राहतात. ती ओढून फाडायची नाहीत. मधल्या पिना काढायच्या, स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि पान शिवणीच्या कडेने कापायचं. एका रेघेची पानं वेगळी, चार रेघांची वेगळी, चौकटीची वेगळी. साठ-सत्तर पानांचा गठ्ठा झाला की तो उभा धरून टेबलावर ठोकायचा, कडा जुळल्या की दोन चिमटे लावायचे. डाव्या कडेपासून बोटभर आत मोठ्या माणसाने दाभणाने पाच भोकं पाडून द्यावीत. दोरा ओवायचं आणि शिवायचं काम मुलाचं: मधल्या भोकातून सुरुवात, वर जायचं, परत यायचं, खाली जायचं, आणि शेवटी मधेच गाठ. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि वरून खाकी कागद घातला की वही तयार. पहिली वही वाकडी होते. ती मुलाने स्वतःच्या कच्च्या कामाला ठेवावी आणि महिनाभर वापरावी, म्हणजे दोरा कुठे सैल पडतो, पान कुठे सुटतं ते त्याला कळेल. नीट जमलेल्या वह्याच पुढे द्यायच्या. वर नाव घालायचं नाही, तिथे दुसऱ्या कुणाचं तरी नाव येणार आहे. एका सुट्टीत दोन भावंडांच्या हातून अशा वह्यांची बरीच मोठी चळत होते, आणि त्या वहीत गुल्लकेतल्या पैशांपेक्षा त्यांचा जीव जास्त गुंतलेला असतो.

जूनच्या मध्यात शाळा पुन्हा उघडतात, तेव्हा द्यायला जा. जाण्याआधी घरी तीन गोष्टी बोलून ठेवा. वस्तू मुलाने मुलाला द्यायच्या नाहीत, शिक्षकांच्या हाती द्यायच्या. कुणाला काय पोचलं हे विचारायचंही नाही. उद्या तीच दोन मुलं मैदानात एकमेकांसमोर खेळतील, तेव्हा एकाची मान खाली असता कामा नये. दुसरं, ‘गरीब मुलं’ हा शब्द त्या आवारात नको, आणि घरातही नको. आणि तिसरं, फोटो काढायचा नाही. यावर मी फार ठाम आहे. कंपासपेटी घेणारं मूल कॅमेऱ्याकडे बघत हसतं कारण त्याला हसायला सांगितलेलं असतं, आणि ते चित्र सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत राहतं. ज्या खासगी शाळा निधी गोळा करताना कुणी किती आणले ते फळ्यावर लिहितात, त्यांनाही पालकांनी जाऊन सांगायला हवं की हे थांबवा. नम्रपणे सांगा, पण सांगा. दुसरीतलं मूल फळ्यावरचा आकडा बघून घरी येतं आणि आईकडे त्याहून मोठा मागतं.

स्वतःच्या शाळेला काय द्यायचं, हा प्रश्न राहतोच. फी भरतो मग आणखी काय, असं पालक म्हणतात, आणि पैशांपुरतं त्यांचं बरोबर आहे. शाळेला मुलाचा वेळ द्या. ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावणं, खाकी कव्हरं घालणं, उन्हाळ्यात झाडांना पाणी घालणं, पाचवीच्या मुलाने मधल्या सुट्टीत पहिलीच्या मुलांना एक गोष्ट वाचून दाखवणं. वर्गशिक्षकांशी आधी बोलून ठेवलंत तर हे सहज जमतं. वाढदिवसाला वर्गात टॉफ्या वाटण्याऐवजी ग्रंथालयाला एक पुस्तक द्यावं, मुलाने आधी स्वतः वाचलेलं. सरकारी शाळेत द्यायचं असेल तर पीएम पोषण योजनेत तिथीभोजनाची सोय आहे: नेहमीच्या जेवणासोबत एखादा पदार्थ किंवा फळं आपल्याकडून देता येतात. ताजं असावं, शाळेला आधी कळवलेलं असावं, आणि वाढायला मुलाने स्वतः उभं राहावं.

गणपतीत मुलांचं मंडळ वर्गणी मागायला निघतं. त्यांना पावतीपुस्तक द्या, सोबत एक मोठं माणूस द्या, आणि विसर्जनानंतर हिशेबाचा कागद जिन्याखाली लावायला लावा. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते मुलांच्या सभेत ठरू दे, मोठ्यांनी फक्त बसून ऐकावं. आपल्या पूर्वजांनी घरोघरची मूठमूठ जमवून शाळा चालवल्या आहेत. गोव्यात पणजी शहरातली मुष्टिफंड संस्था आजही ते मुठीचं नाव लावते. अशी मूठ एखाद्या सोसायटीतही रोज निघू शकते: स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात, ती टाकणारा हात घरातल्या सगळ्यात लहानाचा. महिनाअखेर सगळ्यांचे डबे एकत्र करून जवळच्या वसतिगृहाला किंवा वृद्धाश्रमाला पोचवायचे. वसतिगृहाचा स्वयंपाकी कुठला तांदूळ वापरतो ते विचारून घ्या, दहा घरांचे दहा प्रकार एकत्र शिजत नाहीत. एकाच जातीचा ठरवलात की सोपं.

संक्रांतीची तयारी डिसेंबरातच करावी लागते. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वाटतो, त्या कुणाच्याच घरात आता मावत नाहीत. यंदा आपल्या जिन्यातल्या बायकांशी आधी बोलून घ्या: वाणाचे पैसे एकत्र करून वह्या आणि पेन्सिली घ्यायच्या, आलेल्या प्रत्येकीला तिळगूळ हातात आणि वाण तिच्या नावाने टोपलीत. टोपली मुलं सांभाळतील, मोजतील, गठ्ठे बांधतील, आणि रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू झालं की शाळेत नेतील. वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते, पहिल्या सत्रातल्या वह्या भरलेल्या असतात, तेव्हा कोऱ्या वहीची नेमकी गरज पडते. किती पानी चालतात, एकरेघी हव्यात की चौकटीच्या, हे घाऊक दुकानात जाण्याआधी मॅडमना विचारून घ्या.