लांबलचक लेख विकेंद्रित नेटवर्कवर सगळीकडे नीट दिसावा म्हणून

मॅस्टोडॉन, ब्लूस्काय आणि नॉस्टर ही विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या ताब्यात नसलेली, समाजमाध्यमं आहेत. त्यांवर एकच लेख हुबेहूब सारखा दिसणार नाही. तो हट्ट सोडा. शीर्षक, सारांश आणि मूळ दुवा मात्र सगळीकडे शाबूत पोहोचवता येतो.

आधी मूळ प्रत वर्डप्रेस, घोस्ट किंवा राइटफ्रीली अशा ब्लॉग चालवणाऱ्या एका प्रणालीवर ठेवा. दुवा कायमचा हवा. दुरुस्त्याही तिथेच करा.

मग पोस्टचा प्रकार ठरवा. मॅस्टोडॉनसारखे सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीने बोलतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ साली मानक म्हणून स्वीकारलेल्या या ॲक्टिव्हिटीपबमध्ये मजकूर 'नोट' म्हणून पाठवता येतो किंवा 'आर्टिकल' म्हणून. नोट असेल तर मॅस्टोडॉन पूर्ण मजकूर दाखवतं. ५०० अक्षरांची मर्यादा तिथे लिहिणाऱ्याला असते, बाहेरून आलेल्या मजकुराला नाही. आर्टिकल असेल तर बहुतेक वेळा फक्त शीर्षक, सारांश आणि दुवा दिसतो. पुष्कळ जण यावर नाराज होऊन सगळं नोट म्हणून पाठवतात. माझं मत उलट आहे: मांडणी उडालेला पूर्ण लेख दाखवण्यापेक्षा नीटनेटका दुवा बरा. वर्डप्रेसला जोडायच्या ॲक्टिव्हिटीपब प्लगइनच्या (पूरक सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये हा प्रकार निवडता येतो.

सारांशाकडे खास लक्ष द्या, कारण घोळ इथेच होतो. आर्टिकलचा सारांश शीर्षकाखाली येतो. नोटला तोच सारांश जोडला, तर मॅस्टोडॉन त्याला आशय-इशारा (नाजूक मजकुराआधीची सूचना) समजतं आणि अख्खा मजकूर त्याच्या आड झाकतं. म्हणजे स्वयंपाकाच्या साध्या लेखावरही आत काही भयंकर असल्यासारखा पडदा! तेव्हा सारांश आर्टिकललाच द्या. दोन-तीन वाक्यं पुरेत, पण लेख न उघडताही मुद्दा कळला पाहिजे.

नोट पाठवणार असाल तर मजकूर साधा ठेवा. ठळक अक्षरं, याद्या, अवतरणं मॅस्टोडॉन ४.० पासून दिसतात. तक्त्यांची मात्र वाट लागते. मजकुरामधली चित्रं गळतात किंवा जोडणी म्हणून शेवटी जातात, म्हणून 'खालच्या चित्रात पाहा' असं लिहू नका. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, द्या.

ब्लूस्कायवर ३०० अक्षरांत मुद्दा सांगून दुव्याचं कार्ड (दुव्याची चौकटीतली झलक) जोडा. कार्डातलं शीर्षक, वर्णन आणि चित्र पोस्ट करतानाच साठवलं जातं. नंतर लेखाचं शीर्षक बदललंत तरी कार्ड जुनंच राहील. म्हणून शीर्षक आधी पक्कं करा.

नॉस्टरवर पोस्टच्या प्रकारांना क्रमांक असतात आणि लांब लेखांसाठी ३००२३ हा वेगळा प्रकार आहे. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवायच्या पद्धतीत) द्यायचा, एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची खूणभाषा, घालायचं नाही आणि परिच्छेदाच्या मध्येच ओळी तोडायच्या नाहीत.

शेवटी दुसऱ्या सर्व्हरवरच्या खात्यातून मॅस्टोडॉनच्या शोधपट्टीत लेखाचा दुवा टाका आणि पोस्ट कशी येते ते पाहा. मोबाइल ॲपमध्येही बघा, वेब आणि ॲप यांच्यात फरक पडतो. ही चाचणी खऱ्या लेखावर नको. एखादा छोटा नमुना वापरा, कारण त्या सर्व्हरने एकदा घेतलेली प्रत तिथेच साठून राहते.