उन्हाळ कांदा भरून ठेवा

घरातला एक पगार थांबला की सगळंच किलो-अर्धा किलोने आणायची सवय लागते. कांद्याचं मात्र उलट करा. नाशिकमध्ये राहून ही सोय सोडू नका. एप्रिल-मेमध्ये लासलगाव, पिंपळगावकडचा उन्हाळ कांदा बहुधा स्वस्त असतो, तेव्हाच गोणी घ्या. जड वाटली तर शेजारणीबरोबर अर्धी-अर्धी. हिवाळ्यात बाजारात येणारा लाल कांदा नको, तो टिकत नाही. मान बारीक आणि सुकलेली, पत्ती म्हणजे वरची साल घट्ट, असाच निवडा. हवेशीर सावलीत बाजेवर पातळ पसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, बटाट्याशेजारीही नको. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेले, कोंब फुटलेले आधी वापरा. नीट राखला तर गणपतीपर्यंत सहज पुरतो, कधी दिवाळीपर्यंतही.