नदीकाठची बुजलेली वाट: या चुका टाळा

"नदी डाव्या हाताला ठेवायची आणि चालत राहायचं. चुकणार कसे?" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता 'नदी डाव्या' एवढं कानावर आलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. चुकतात ते बहुतेक याच भरवशावर.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला ओढ जास्त असते, तिथे नदी काठ खात जाते. ज्यांनी वाट पाडली त्यांना हे ठाऊक होतं, म्हणून अशा जागी वाट पाणी सोडून वर चढते. राबता थांबला की नेमका हा चढ गचपणात बुजतो आणि खाली पाण्यालगत जनावरांची सपाट, मोकळी ढोरवाट समोर येते.

एकदा आम्ही चौघे होतो, पुढे मीच. तासभर वेलींशी झटापट केल्यावर एका वळणापाशी पाणी प्यायलो, तर पुढे वाट एकदम लख्ख. खूश झालो. थोड्या वेळाने फांद्या कमरेएवढ्या उंचीवर आडव्या यायला लागल्या. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. माणसांच्या जुन्या वाटेवर डोक्याएवढी मोकळीक थोडीफार तरी उरते, जनावर मात्र फांदीखालून जातं. मीही वाकून गेलो. वीस मिनिटांनी समोर कातळ, थेट पाण्यात उतरलेला. मागे वळताना आमच्यातल्या एकाने गवताच्या कडेवर पाय दिला. वरून हिरवीगार, खालून पोखरलेली. गडी मांडीपर्यंत आत. त्याला ओढून काढून, लंगडत परत यायला तास गेला. ज्या वळणावर पाणी प्यायलो होतो, तिथून चार पावलांवर वेली बाजूला केल्या तर शेवाळलेल्या तीन दगडी पायऱ्या!

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. शेवटची पक्की खूण सोडायची नाही. करवतीने कापलेला ओंडका, रचलेले दगड, पायऱ्या, झाडावरचा जुना रंग, काहीही चालेल. एकाने खुणेपाशी थांबायचं, दुसऱ्याने पन्नास पावलं पुढे जाऊन बघायचं, काही मिळालं नाही तर परत येऊन दुसरी दिशा. हाका एकमेकांना ऐकू आल्या पाहिजेत. पाण्याच्या आवाजात त्या लवकर विरतात. नवखे कुरकुरतात, 'किती वेळ घालवताय' म्हणतात. कुरकुरू द्यावं.

मोबाइलवरचा ट्रॅक हाताशी असावा, पण त्याच्या मागे डोळे मिटून जाऊ नये. दाट झाडोरा आणि कातळाच्या भिंती यांत जीपीएसचा ठिपका उड्या मारतो. शिवाय ट्रॅक नोंदवला तेव्हाची वाट आज नदीत गेलेली असू शकते.

वेळेचा हिशेब हा दुसरा घोळ. ताशी 3 मैल आणि 2000 फूट चढाला एक तास जादा, हा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा 1892 चा ठोकताळा चांगल्या वाटेसाठी आहे. गचपणात तासाला किलोमीटर झाला तरी मी समाधानी असतो. किलोमीटर मोजत नाही, परतायची वेळ घड्याळात लावतो आणि ती झाली की वळतो.

कोयता आणूच नका. तिरपे छाटलेले खुंट मागच्याच्या नडगीत घुसतात, आणि चुकलेल्या बाजूला छाटत गेलात तर पुढच्यांसाठी खोटी वाट तयार होते. काठीने फांद्या सारा. पालापाचोळ्याखाली जमीन आहे की भगदाड, हेही तीच सांगते.

हाफ पॅन्ट घालून येणाऱ्यांना मी समजावणं सोडलंय.

गोचीड चिकटली तर तेल नको, काडी लावून चटका तर नकोच; चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. जळू सुटल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही. घाबरून सगळा जथा थांबवू नका.

पाणी ओलांडायचंच असेल तर पसरट, उथळ जागा शोधा आणि सॅकचे कमरेचे व छातीचे पट्टे आधी सोडा. पाय घसरलाच तर सॅक झटकून टाकता आली पाहिजे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे मघाशी पार केलेली जागा परतताना तशीच असेल असं धरून चालू नका. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. तेव्हा पात्रात बूट काढत बसलेला माणूस दिसला की मी आधी ओरडतो, कारण नंतर सांगतो.