सोळा पाकळ्यांची संख्या

ब्लाउज बेतायला वापरतात तो खाकी कागद घ्या. त्यावर स्टीलची ताटली उपडी ठेवून पेन्सिल फिरवा आणि गोल कापा. आता तो चार वेळा निम्म्यात दुमडून उलगडा, सोळा पाकळ्या पडतील. शेवटची घडी जाड होते, ती नखाने दाबून घ्या. शिवणाऱ्या हाताची गरज एवढीच, पुढचं सगळं शाळेतलं गणित.

माझ्या सातवीतल्या भाच्याला १४२८५७ ची गंमत पाठ झाली होती: १ ते ६ पैकी कशानेही गुणा, तेच आकडे त्याच क्रमाने गोल फिरतात. "मावशी, याहून मोठी नाही का गं?" म्हणाला. आहे की, सतराच्या पोटात.

१ ला १७ ने भागायला घ्या. १० मध्ये सतरा जात नाहीत, म्हणून भाग ०, बाकी १०. पुढे १००: सतरा पाचे पंच्याऐंशी, भाग ५, बाकी १५. मग १५०: भाग ८, बाकी १४. भागाचा एकेक आकडा घड्याळाच्या दिशेने पाकळीत भरत जा. ०५८८२३५२ असे आठ झाले की बाकी १६ उरते. तिथे भागाकार सोडा! प्रत्येक आकडा ९ मधून वजा करून बरोब्बर समोरच्या पाकळीत लिहा: ० समोर ९, ५ समोर ४, ८ समोर १. असं का चालतं? बाकी १६ उरली, म्हणजे पुढचे आकडे १६/१७ चे. १/१७ आणि १६/१७ मिळून पूर्ण एक, म्हणजेच ०.९९९९…, म्हणून दोघांच्या बेरजेत प्रत्येक घरात नऊच येतो.

सुरुवातीचं शून्य गाळू नका. मी गाळलं होतं. एक पाकळी रिकामी राहिली आणि अर्धा तास मी घड्यांनाच नावं ठेवत बसले.

आता ०५८८२३५२९४११७६४७ ला १ ते १६ पैकी कशानेही गुणा, आकडे याच क्रमाने गोल फिरतात, फक्त सुरुवातीची पाकळी बदलते. ती शोधायची कशी? भाच्याने १३ सांगितले. शेवटचे दोन आकडे ४७, म्हणून ४७ × १३ = ६११. त्यातले ११ चकतीवर शोधा आणि त्यांच्या पुढच्या पाकळीपासून वाचा: ७६४७०५८८२३५२९४११. झालं उत्तर. कुठलीच जोडी चकतीवर दोनदा येत नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. १७ ने गुणलंत तर सोळाच्या सोळा नऊ.

पडताळा कागदावर, हातचे घेऊनच करा. एक्सेल पंधराच आकडे धरतं. या संख्येच्या तिपटीच्या शेवटी १ आहे, तिथे ते खुशाल ० दाखवतं, आणि पोरगं म्हणतं मावशी चुकली.

आता त्याला एकोणीसची चकती हवी आहे. तिला अठरा पाकळ्या लागतात, त्या निम्म्यात दुमडून पडत नाहीत. कोनमापक काढून वीस-वीस अंशांवर रेघा मारायच्या.