डिस्ने वर्ल्डमध्ये चौघांचं जेवण, दिवसाला ८० डॉलरमध्ये

मुलांना सुट्टी लागली आणि आई-बाबा भारतातून आले, की अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑर्लांडोच्या डिस्ने वर्ल्डचा विषय निघतोच. विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं यांचा हिशेब सेंटपर्यंत मांडला जातो आणि जेवणासमोर मात्र 'तिथे बघू' असं लिहून मोकळं होतात. मग दुपारी अडीच वाजता, ३३ अंशांच्या दमट उन्हात, पोरं रडकुंडीला आलेली असताना 'तिथे बघायची' वेळ येते आणि चार थंड पेयं, दोन पिझ्झा, एक बादलीभर पॉपकॉर्न यांत ६० डॉलर जातात. पोट कोणाचंच भरत नाही ते वेगळंच.

दोन मोठे आणि दहा वर्षांच्या आतली दोन मुलं धरली, तर ८० डॉलरमध्ये दिवस नीट निघतो. गणित असं: नाश्ता, दुपारचा डबा आणि मधलं खाणं मिळून किराण्याचे २२ डॉलर. पार्कमध्ये काउंटरवर एक गरम जेवण, मोठ्यांचे साधारण १५ डॉलर आणि मुलांचे ८, म्हणजे ४६. त्यावर तिथल्या ऑरेंज काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्हा) साडेसहा टक्के विक्रीकर धरून ४९. उरले ९, त्यात सगळ्यांत मिळून एक थंडगार काहीतरी. सोबत आजी-आजोबा असतील तर माणशी २२ डॉलर वाढवा. किराण्यावर भर देण्याचं आणखी एक कारण आहे. फ्लोरिडात घरच्या किराण्याच्या बहुतेक जिनसांवर विक्रीकर नाही, तयार जेवणावर आहे.

गेटवर काय चालतं, काय नाही

डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कमध्ये (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम) स्वतःपुरतं खाणं नेता येतं, हे अनेकांना माहीतच नसतं. डब्यासाठी कुलर न्यायलाही हरकत नाही, फक्त तो २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठा नको. सुटा बर्फ आणि ड्राय आइस चालत नाही, म्हणून जेल पॅक किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. काच अजिबात नाही (बाळाच्या खाण्याच्या लहान बरण्या तेवढ्या चालतात), त्यामुळे लोणचं प्लास्टिकच्या डबीत काढून घ्या. दारू नाही. गरम करावं लागेल असं अन्न नाही. आणि नियमात एक कलम असंही आहे की अन्नाला उग्र वास नको. सुक्या बोंबलाची चटणी हॉटेलातच राहू द्या. लसणाची चटणी घट्ट झाकणाच्या डबीत असेल तर तिचा वास बाहेर येत नाही, पण डबी उघडताना आजूबाजूला कोण बसलंय ते बघा.

सुरक्षा तपासणीत वेळ जातो तो खाणं चार पिशव्यांत विखुरलेलं असलं की. सगळं एकाच पिशवीत, वरच्या बाजूला ठेवा. कुलर खांद्यावर वागवायचा नसेल तर मुलाच्या स्ट्रोलरखाली बसेल असा मऊ घ्या. स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, याहून मोठा चालत नाही. ओढायच्या गाड्यांना बंदीच आहे.

ऑर्लांडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कचे नियम वेगळे आणि कडक आहेत. तिथे किरकोळ खाऊ चालतो, पूर्ण जेवणाचा डबा नाही. डिस्नेचा अनुभव धरून तिथे कुलर घेऊन गेलात तर तो परत गाडीत ठेवायला पाठवतील.

डबा: दशमी सगळ्यांत भरवशाची

फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दहीभात, उसळ, बटाट्याची ओली भाजी हे डब्याचे पदार्थ नव्हेत. अमेरिकेतला अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा की नाशवंत अन्न थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली की एकच तास. गेटवर रांग, मग राइडची रांग, यातच तास संपतो. म्हणून कोरडं न्यायचं. एकेकाळी पंढरीच्या वाटेवर किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासात जे जायचं तेच इथे चालतं: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, लाडू, चिक्की.

दशमीचं प्रमाण: २ कप कणीक, २ टेबलस्पून तेल, अर्धा चमचा मीठ आणि लागेल तसं पाऊण कपाच्या आसपास दूध. पाण्याचा थेंब नको. टिकण्याची सगळी मदार त्यावर आहे. गोड हवी तर दुधात अर्धा कप गूळ विरघळवून घ्या आणि दूध थोडं कमी करा. पीठ घट्ट भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवा. दहा-बारा दशम्या होतात. पोळीपेक्षा जाड लाटा आणि मध्यम आचेवर सावकाश भाजा, कारण घाईनं भाजलेली दशमी कडेला कच्ची राहते आणि तिथूनच बिघडते. मोठ्याला तीन, मुलाला दोन, या हिशेबानं चौघांना एका दिवसाला एक घाणा पुरतो.

बहुतेकांचं चुकतं ते भाजल्यानंतर. गरम दशम्या एकावर एक रचून डब्यात भरल्या की वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन खाली ठिबकतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या दोन दशम्या चिकट लागतात. बोट लावलं की तार सुटते. त्या टाकायच्याच. म्हणून प्रत्येक दशमी जाळीवर किंवा स्वच्छ कापडावर सुटी गार करा, हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. मग पेपर टॉवेलमध्ये गुंडाळा आणि त्यावर फॉइल. टॉवेल उरलीसुरली ओल शोषतो. नुसत्या फॉइलमध्ये ती आतच राहते. दुधाची दशमी पहिल्या दोन दिवसांसाठी करा, पुढच्या दिवसांच्या गोठवून न्या आणि हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवा.

हॉटेलवर चूल नसेल तर? डिस्नेच्या साध्या खोल्यांत लहान फ्रीज असतो, मायक्रोवेव्ह नसतो. तो खालच्या फूड कोर्टमध्ये सापडतो. अशा वेळी दुकानातले मैद्याचे किंवा गव्हाचे टॉर्टिया घ्या, त्यावर पीनट बटर आणि घरून नेलेली शेंगदाणा चटणी पसरून गुंडाळी करा. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्ही शेवटी शेंगदाणेच. काकडी, केळी, सफरचंद, आदल्या रात्री गोठवलेले दह्याचे छोटे कप सोबत ठेवा. दही बाराच्या सुमारास खाण्याजोगं सुटतं आणि तोवर कुलरला थंड ठेवण्याचं कामही करतं. चार दिवसांचा असा किराणा अल्डी किंवा वॉलमार्टमधून ८०-९० डॉलरमध्ये येतो. हॉटेलवर मागवलात तर तिथली सामान सांभाळणारी बेल सर्व्हिस वेगळं शुल्क लावू शकते, आधी विचारा.

भारतातून येणाऱ्यांना एक सांगून ठेवा: तांदूळ आणि हरभरे बॅगेत घालू नका. धान्याला लागणाऱ्या खाप्रा किडीमुळे भारतातून सामानात आणलेल्या या दोन्हींना बंदी आहे. भाकरवडी, चिवडा, लाडू असलं तयार खाणं आणताना फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला 'खाण्याचे पदार्थ आहेत' असं सांगायचंच. जाहीर केलेलं जप्त झालं तर नुसतं खाणं जातं, लपवलेलं सापडलं तर दंडही होतो.

पाणी फुकट आहे

पार्कमध्ये पाण्याची बाटली चार डॉलरच्या आसपास पडते. चौघांनी उन्हात प्रत्येकी तीन घेतल्या की दिवसाचं बजेट पाण्यातच अर्ध्यावर येतं. ज्या काउंटरवर शीतपेय मशीनमधून देतात तिथे बर्फाचं पाणी कपात फुकट मिळतं, काही विकत घेतलं नसलं तरी. 'आइस वॉटर' मागा, चार कप मागा, संकोच नको. फ्लोरिडाच्या नळाच्या पाण्याला किंचित गंधकाचा वास येतो, मुलं नाक मुरडतात. त्यावर उपाय म्हणजे लिंबाच्या सरबताची किंवा कोकमाची पावडर. घामाबरोबर मीठही जातं, म्हणून बाटलीभर पाण्यात चिमूटभर मीठ घालावं. चहा-कॉफी मिळते त्या काउंटरवर गरम पाणी मागितलं तर सहसा देतात, चहाची प्रीमिक्स पाकिटं खिशात असू द्या. आजोबांचा चार वाजताचा चहा चुकला की संध्याकाळ सगळ्यांचीच कठीण जाते.

एपकॉटमध्ये क्लब कूल नावाची जागा आहे, तिथे जगभरची कोका-कोला कंपनीची पेयं छोट्या कपात मोफत चाखता येतात. इटलीचं 'बेव्हर्ली' नावाचं कडू पेय अनोळखी पाहुण्याला पाजणं हा तिथला जुना खेळ आहे.

गरम जेवण: कुठे, कधी, कसं मागवायचं

हे जेवण दुपारी न करता साडेचार-पाचला करा. सकाळी पोटभर नाश्ता, बाराला डबा, पाचला गरम जेवण, रात्री खोलीवर दूध आणि सीरियल. पाचला काउंटर मोकळे असतात आणि फटाक्यांच्या आधी पोट भरलेलं असतं.

'माय डिस्ने एक्स्पिरियन्स' ॲपवरून मोबाइल ऑर्डर करा. सकाळी गेटवर असतानाच पाच वाजताची वेळ धरून ठेवता येते. पोचल्यावर 'आलो आहे' असं ॲपवर कळवल्याशिवाय ते अन्न बनवायला घेत नाहीत. हे बटण न दाबता वीस मिनिटं खिडकीपुढे उभी राहिलेली मंडळी रोज दिसतात.

पैसे वाचवायची खरी जागा म्हणजे मुलांचा मेनू. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी तो असतो, पण काउंटरवर वय कोणी विचारत नाही. त्यात मुख्य पदार्थ, जोडीला दोन गोष्टी आणि लहान दूध किंवा पाणी येतं. कमी जेवणाऱ्या आजीला तेवढं पुरेसं होतं. बुफेत मात्र वय पाहून पैसे घेतात: तीनच्या खाली मोफत, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर.

शाकाहारी असाल तर मेनूवर हिरव्या पानाची खूण बघा. ती पूर्णपणे वनस्पतीजन्य पदार्थांची असते, दूध-अंडंही नाही. ॲनिमल किंगडममध्ये पँडोरा या विभागातल्या सातू'ली कँटीनमध्ये भात किंवा बटाट्यावर टोफू घातलेला बाउल मिळतो. पार्कमधल्या जेवणांत आपल्या जिभेला त्यातल्या त्यात जवळचं तेच. फसवे पदार्थ तीन. सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. फ्रेंच फ्राइज अनेकदा चिकनच्याच कढईत तळलेले असतात. आणि मिकीच्या आकाराची राइस क्रिस्पीची वडी, जिच्यातल्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. शंका असली तर काउंटरवर विचारा, ते आत जाऊन खात्री करून येतात. उरलेल्या ९ डॉलरमध्ये मॅजिक किंगडमच्या अलोहा आयलवरचा साधा अननसाचा डोल व्हिप, म्हणजे आइसक्रीमसारखा मऊ थंड पदार्थ, घ्या. त्यात दूध नाही, चार चमचे मागून घ्यावेत.

एखाद दिवशी बजेट मोडायचंच असेल तर साना या रेस्टॉरंटमध्ये मोडा. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलच्या किडानी व्हिलेज इमारतीत ते आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. तिथली ब्रेड सर्व्हिस म्हणजे तंदुरी रोट्या आणि नऊ चटण्या-लोणची, चौघांत एक मागवली तरी हात पुसत उठाल. टेबल ६० दिवस आधी राखता येतं. राखून गेला नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात. सहा किंवा जास्त जण असाल तर बिलात १८ टक्के टिप आपोआप लागते, वर पुन्हा देऊ नका.

बसायचं कुठे

उन्हाळ्यात दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान विजांसह पाऊस ठरलेला. तो आला की पंधरा मिनिटांत सगळ्या बंद जागा भरतात आणि आत शिरलेला माणूस हटकून काहीतरी विकत घेतो. म्हणून ढग दाटले की आधीच आत जा. मॅजिक किंगडममध्ये कोलंबिया हार्बर हाउस या उपाहारगृहाचा वरचा मजला, एपकॉटमध्ये द लँड या इमारतीतली सनशाइन सीझन्स उपाहारगृहाची भलीमोठी बैठक. ॲनिमल किंगडममध्ये फ्लेम ट्री उपाहारगृहाच्या मागे नदीकाठी छताखालची टेबलं आहेत, बहुतेकांना ती दिसतच नाहीत. पावसात मात्र तिरकी सर येते.

रिफिल मग (पुन्हा पुन्हा पेय भरून घ्यायचा कप) घेताना जपून: हॉटेलचा मग फक्त हॉटेलांतच चालतो, पार्कमध्ये नाही. पॉपकॉर्नची बादली त्यामानानं परवडते, पहिल्या दिवशी एक घेतली तर पुढे ती थोडक्या पैशांत पुन्हा भरून देतात.

परतीच्या दिवशी विमानतळावर पीनट बटर द्रव समजलं जातं, ३.४ औंसांहून मोठी बरणी हातातल्या बॅगेतून काढून टाकतात. लोणच्याचंही तेच. गोठवलेली बाटली किंवा जेल पॅक तपासणीच्या वेळी दगडासारखा घट्ट असेल तरच पुढे जातो, तळाशी पाणी हललं की अडतो.